नदीपलीकडची आई

(कोल्पा नदीचा क्रोएशियाकडचा काठ. स्तिपानचं अंगण. पाहुणा विन्को समोरच्या काठावरचा, स्लोव्हेनियातला.)

विन्को : आईला न्यायला आलोय म्हटलं ना! तिची हाडं काढून आमच्या बाजूला पुरणार.

स्तिपान : आधी बस. राकिया घे घोटभर. दोन्ही काठांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या या आमच्याच टेकडीवरच्या दफनभूमीत झोपतात. तुझ्या आईला आताच काय झालं?

विन्को : पुन्हा कुंपण आलं तर? निर्वासितांचे लोंढे वाढले की आमचं सरकार काठावर काटेरी तारा ठोकणार. पुलावर पोलीस तर बसलेतच. मघाशी माझंच ओळखपत्र मागितलं!

स्तिपान : मागच्या वेळी तारा हव्यात म्हणून सभेत कोण ओरडत होतं? ‘आमचा देश, आमची सीमा, ब्रुसेल्सनं शिकवू नये!’

विन्को : आजही म्हणेन. युरोपियन युनियनमध्ये गेलो म्हणजे घराचं दार काढून दिलं नाही.

स्तिपान : बरोबर. पण आईला बाहेर ठेवून कडी घातलीस, शहाण्या.

विन्को : घातली खरी. म्हणून तर न्यायला आलो. आणि तुझे आभार मानायलाही.

स्तिपान : माझे? ते कशाबद्दल?

विन्को : तारांआडून दिसायचा की! रोज दिवेलागणीला तिच्या थडग्यावर दिवा. आपल्यात लावतात सर्व संतांच्या दिवशी, वर्षातून एकदा. बायकोला म्हणायचो, एवढं भांडलो, तरी स्तिपानचं मन बघ.

स्तिपान : छे रे! मी इतका चिडलो होतो, काडीसुद्धा ओढली नसती. खिमराज, इकडे ये जरा! दिवा लावतो तो हा. आमच्या लाकडाच्या वखारीत असतो, नेपाळचा. आमची पोरं गेली आयर्लंडला, मग ओंडके कोण कापणार?

विन्को : हा? अरे, असले परके येऊ नयेत म्हणून तर मी तारा मागत होतो.

स्तिपान : परवाना आहे त्याच्याकडे. पुलावर दाखवतो, तुझ्यासारखाच.

विन्को : पोरा, तू तर तिला कधी पाहिलंही नाहीस. रोज दिवा कशाला?

खिमराज : काका, फोनला रेंज फक्त टेकडीवर येते. तुमच्या आईच्या थडग्यापाशी चांगली. तिथं उभा राहून मी रोज माझ्या आईशी बोलतो. कुणाच्या दारात रोज हात हलवत कसं जायचं? म्हणून दिवा.

विन्को : एवढं काय बोलता रोज?

खिमराज : जेवलास का, थंडी आहे का, लग्न कधी करतोस. आई तेच विचारते, मी तेच सांगतो.

विन्को : देव तुझं भलं करो, लेकरा. मला वाटायचं, तिला नुसता दिवा आहे, सोबत कुणाची नाही. फार उपकार झाले तुझे.

स्तिपान : मग? फावडं आणू का?

विन्को : नको. राहू दे तिला इथंच. दुसऱ्यांच्या लग्नाची चौकशी करायची तिला फार हौस होती.