काठीतला सोमल

(बेनिन सिटी. अघायेरे या म्हाताऱ्या कोरीवकाम करणाऱ्याचं घर, पूर्वजांच्या ओट्याची खोली. दुपार. सोबत त्याची धाकटी बहीण ओमोसेदे आणि नात इतोहान. चटईवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, छातीएवढ्या उंचीची लाकडी काठी.)

इतोहान : नुसत्या पाण्यानं नाही, आजोबा. साबण लावा. कोपरापर्यंत.

अघायेरे : सकाळपासून तीनदा धुतले. आता तळव्यावरच्या रेषाच तेवढ्या जायच्या राहिल्यात.

इतोहान : नखांखालूनही.

ओमोसेदे : धू की रे दादा. तूच पाठवलीस ना तिला कॉलेजात? मी म्हणत होते, सुकी मासळी विकायला बसव माझ्याशेजारी.

अघायेरे : धुतो. पण आधी काठीला असं का बांधलंस ते सांग. काल प्रयोगशाळेत नेलीस तेव्हा कापडात होती.

इतोहान : तिच्यावर सोमल आहे.

ओमोसेदे : ते काय असतं?

अघायेरे : उंदराचं औषध.

ओमोसेदे : देवा ओसानोबुआ! कुणी घातलं? आपल्या पुतण्यानं, इगीनं? विमानतळावर नेलं नाही म्हणून अजून रुसून बसलाय तो.

इतोहान : घरातल्या कुणी नाही, आत्याआजी. जिथून ही परत आली त्या संग्रहालयानं घातलं, फार पूर्वी. इथून नेलेलं लाकूड, कातडं, पिसं, सगळ्याला कीड लागू नये म्हणून सोमलाची पूड फासायचे. काही वर्षांनी परत फासायचे. कशाला किती फासली, हे आज त्यांनाही सांगता येत नाही.

अघायेरे : कसली पूड?

इतोहान : ती खाचांमधली पांढरी.

अघायेरे : तो खडू आहे.

इतोहान : आजोबा...

अघायेरे : खडू आहे तो. आपला पूजेचा खडू. माझ्या आजानं शेवटची पूजा केली तेव्हा लावलेला. इंग्रजांनी गाव जाळलं, ओट्यावरून ही काठी उचलून नेली, तेव्हापासून सव्वाशे वर्षं तो कुणी पुसला नाही. त्यासाठी मी मनातल्या मनात त्या लोकांना आशीर्वाद दिला, इतोहान.

इतोहान : मलाही आधी खडूच वाटला. सात जागी कापसाच्या बोळ्यानं पुसून घेतलं. सातही बोळ्यांवर सोमल. खडूचा अंशही नाही. यंत्र दोनदा लावलं, मग सरांना बोलावून त्यांच्या हातानं लावायला सांगितलं.

अघायेरे : यंत्राला काय कळतंय.

इतोहान : एवढंच कळतं त्याला.

ओमोसेदे : दादा, तू तर तो खडू कपाळाला फासलास. चार रात्री काठी उशाशी घेऊन झोपलास. नवरीसारखी!

इतोहान : मळमळतं का, आजोबा? हातापायांना मुंग्या?

अघायेरे : एक्क्याऐंशीव्या वर्षी मुंग्या आल्या नाहीत तर काळजी करायची.

इतोहान : मी गमतीत विचारत नाहीये.

अघायेरे : मीही गमतीत सांगत नाहीये. मला काही होत नाही. उद्याचं बोल.

इतोहान : उद्या ही ओट्यावर ठेवायची नाही.

ओमोसेदे : अगं, माणसं निघालीत! लागोसहून दोन गाड्या येतायत. बकरा आणून बांधलाय मागं. राजवाड्यातला माणूस येणार आहे, त्यांनीच तर काठी आपल्या घरची म्हणून ओळखली. त्याला काय सांगू, उंदरांनी हरकत घेतली?

इतोहान : उद्या काय काय करणार, तेच आठवा. आजोबा काठी जमिनीवर आपटून वाडवडलांना हाक मारणार. मग कोलाच्या बिया तिच्या पायाशी ठेवणार, तिथूनच उचलून सगळ्यांना वाटणार. साठ माणसं. साठ तोंडं.

ओमोसेदे : मग बिया वेगळ्या ताटात ठेवू. आणि दादा हातमोजे घालेल.

अघायेरे : हातमोजे.

ओमोसेदे : तसे नको बघूस माझ्याकडे. मी आपलं सुचवलं.

अघायेरे : खोकं उघडलं तेव्हा त्या संग्रहालयाच्या बाईनं हातमोजे घातले होते. मी म्हटलं, किती अदबीनं धरतेय, आपल्या हाताचा घाम लागू नये म्हणून जपतेय. ती काठीला जपत नव्हती. काठीपासून स्वतःला जपत होती. आणि माझ्या उघड्या हातात दिली तिनं.

इतोहान : तिलाही नक्की माहीत नसेल. पण काठीबरोबर आलेल्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती. ‘पूर्वी कीडप्रतिबंधक प्रक्रिया झाली असण्याची शक्यता आहे.’ तुम्हाला पत्र मी वाचून दाखवलं, आजोबा. ती ओळही वाचली. रसायनशास्त्र शिकलेली मी, आणि पुढं वाचत गेले.

अघायेरे : तुझा काय दोष?

इतोहान : आणखी एक सांगायचंय. सकाळी मी त्यांना फोन केला.

अघायेरे : मला न विचारता?

इतोहान : हो. ते म्हणतात, परत पाठवा. दोन वर्षं लागतील, साफ करून देऊ. वरची पूड जाईल. लाकडात मुरलेलं निघेल की नाही, सांगता येत नाही. तुमची इच्छा असली तर मग तिथंच राहू द्या, तुमच्या घराण्याचं नाव लिहू. कुणी बघायला आलं तर काच उघडून दाखवू.

अघायेरे : तू काय म्हणालीस?

इतोहान : विचार करून कळवते म्हणाले.

अघायेरे : विचार करून! चोरानं बैल परत आणून बांधला, बैल लंगडतोय. तर चोर म्हणतो, द्या इकडे, माझ्याच गोठ्यात बरा होईल. आणि माझी नात म्हणते, विचार करून कळवते!

इतोहान : आजोबा, त्यांनी जपली म्हणून आज काही आलं तरी. इथं राहिली असती तर तुमच्या जन्माआधीच वाळवीनं खाल्ली असती.

अघायेरे : खायलाच हवी होती.

इतोहान : काय?

अघायेरे : मी कोण आहे? अर्ध्या गावाच्या ओट्यांवरच्या काठ्या मी कोरल्यात. काठीवर एकेक पेर असतं, एकेका माणसाच्या आयुष्याचं. वाळवी लागली की घरातला थोरला येतो, म्हणतो, म्हातारी गेली, नवी कोर. मी कोरतो. ती जमिनीवर आपटली की जुन्या सगळ्यांना ऐकू जातं. लाकूड मरायचं असतं, पोरी, म्हणून तर आमचं पोट चालतं. फक्त आपल्या घरात नवी काठी उभी राहिली नाही, कारण ही मेली नव्हती. माझा आजा म्हणाला, ती नेलीय, गेलेली नाही. जिवंत माणसाच्या जागी दुसरं कुणी बसवायचं नाही. माझ्या बापानं तेच केलं. मी तेच केलं. त्या काचेनं तिला मरू दिलं नाही, आणि आम्हाला पुढं जाऊ दिलं नाही.

ओमोसेदे : आणि आम्ही पूजेला काय करायचो, सांग तिला. थोरल्यानं गुडघे टेकायचे आणि तळहात जमिनीवर आपटायचा. आळीत नाव पडलं होतं आपलं, हात आपटे. माझं लग्न झालं, सासूनं पहिल्या दिवशी शेजारणीला काय सांगितलं माहितीय? म्हणाली, सून चांगली आहे, फक्त हिच्या वाडवडलांना ऐकू येत नाही.

इतोहान : हे कधी सांगितलं नाहीस.

ओमोसेदे : मासे विकताना सांगू? म्हणून म्हणते दादा, ठेव उद्या ओट्यावर. लांबूनच नमस्कार करतील सगळे. कुणी हात लावायचा नाही म्हणून पाटी लाव.

इतोहान : संग्रहालयासारखी.

ओमोसेदे : हो, तशीच... अगं, मला काय सुचतंय ते बोलतेय! सासू मेली, नणंदा आहेत अजून. उद्या येतायत.

अघायेरे : ओमोसेदे, जरा गप्प बस. इतोहान, ऐक. एदोसाला लावला मी तो.

इतोहान : काय लावला?

अघायेरे : खडू. परवा तू कामावर होतीस. तुझं लेकरू झोपलं होतं. मी म्हटलं, चार महिन्यांचं झालं, पणज्याच्या हातचा पहिला टिळा याच खडूचा होऊ दे. बोट खाचेत घासलं आणि त्याच्या कपाळावर ओढलं.

ओमोसेदे : दादा! इतोहान, बस खाली. पाणी देऊ? बस ना ग.

इतोहान : मला माहीत आहे.

अघायेरे : काय माहीत आहे?

इतोहान : परवा आंघोळ घालताना टिळा दिसला. पुसला तर बोटाला खरखर लागली. आपला खडू मऊ असतो, लोण्यासारखा सरकतो. तुम्हाला म्हटलं ना, लाकडाचं वय बघायला नेते? खोटं होतं ते.

अघायेरे : आणि पोर?

इतोहान : बरा आहे. दोनदा लघवी तपासली. डॉक्टर म्हणाले, कातडीतून फारसं आत जात नाही. तोंडात गेलं असतं तर वेगळं होतं.

अघायेरे : उद्या गेलं असतं. काठीच्या पायाशी ठेवलेली बी चावून मी त्याच्या जिभेवर ठेवणार होतो.

इतोहान : हो.

अघायेरे : हे आधी का नाही सांगितलंस? मला मघापासून यंत्र, बोळे, फोन सांगतेस.

इतोहान : कसं सांगू? चार दिवस तुम्ही गात होतात, आजोबा. आई गेल्यापासून तुम्हाला गाताना ऐकलं नव्हतं.

ओमोसेदे : रडू नकोस. पोर बरं आहे म्हणालीस ना? मग रडू नकोस. दादा, तूही नको. दोघांना मी कशी सांभाळू?

अघायेरे : मी रडत नाही. साबण गेलाय डोळ्यात.

ओमोसेदे : बरं. दादा, उवाइफो आठवतो का तुला?

अघायेरे : आता उवाइफो कशाला?

इतोहान : कोण?

ओमोसेदे : आमचा मधला भाऊ. जहाजावर काम करायचा, तिकडंच कुठल्या बंदरात तापानं गेला. त्याच्या मित्रानं लिफाफ्यातून त्याची नखं आणि केस पाठवले. एवढीशी नखं. आपण ती पूर्ण माणसासारखी पुरली. सात दिवसांचे सगळे विधी केले. पण त्याआधी आईनं काय केलं? लिफाफा घेऊन बसली तीन दिवस. त्याच्यासमोर उकडलेले यामचे कंद ठेवायची, पाणी ठेवायची. बाबांनी तिच्या हातातून तो काढून घेतला, आठवतं? काय म्हणाले?

अघायेरे : ‘घरी आलाय. पण जेवायला आलेला नाही.’

ओमोसेदे : मी तेवढंच म्हणते. जिला हात लावता येत नाही, जिच्या पायाशी ठेवलेलं खाता येत नाही, तिला आपण काय म्हणतो?

अघायेरे : ही मेलीय असं तुला म्हणायचंय.

ओमोसेदे : मी कोण म्हणणार? थोरला तू आहेस. तूच म्हणायचंस.

अघायेरे : मी सात वर्षांचा असताना बापानं मला त्या ओट्यासमोर उभं केलं होतं. मधली रिकामी जागा दाखवली. म्हणाला, ती आली की तू इथं उभी करशील, मी नसेन. मी रोज सकाळी त्या जागेवरची धूळ पुसली. बायको म्हणायची, रिकाम्या जागेला एवढं पुसता, कधी ताट पुसा.

इतोहान : पाठवूया का परत, आजोबा? दोन वर्षांनी कदाचित...

अघायेरे : नाही. मेलेलं माणूस घरी आलं की परत धाडत नाहीत. कुणी कितीही स्वच्छ करून देतो म्हटलं तरी. आजाला पुरलंय त्याच्या शेजारी जागा आहे, आतल्या खोलीत. तिथं पुरू.

इतोहान : आतल्या खोलीला लागूनच बोअरिंग आहे. नुसत्या मातीत पुरली तर सोमल पाण्यात उतरेल. सिमेंटची पेटी करावी लागेल, चारी बाजूंनी बंद.

अघायेरे : थडगं म्हणजे दुसरं काय असतं?

इतोहान : आणि नेताना हातमोजे. सगळ्यांनी.

अघायेरे : प्रेताला हात लावल्यावर आपण हात धुतोच. आण मला हातमोजे. उद्या मी घालेन.

ओमोसेदे : ढोलवाल्यांना निरोप धाडते, नाचाचा ताल नको म्हणून. बकरा राहू दे. बकऱ्याला काय, लग्न काय आणि मयत काय.

इतोहान : आणि नणंदा?

ओमोसेदे : येऊ देत. सव्वाशे वर्षांनी हाड घरी आणलंय म्हणावं. तुमच्या घरात कुणी आणलं असेल तर पुढं या.

अघायेरे : इरोको लाकडाचा एक ओंडका आहे मागं, सावलीत ठेवलेला. अकरा वर्षं वाळतोय. गिऱ्हाइकानं मागितला तरी दिला नाही मी.

इतोहान : तुमचे हात थरथरतात, आजोबा.

अघायेरे : पेरं वाकडी होतील मग. आपल्या घरात सरळ आयुष्य कुणाचं गेलंय? महिन्याभरात होईल. एदोसाला पुढच्या महिन्यात टिळ्याला आण. आता ते कागद आण, संग्रहालयाला पोच द्यायचीय ना?

इतोहान : आज नाही दिली तरी चालेल.

अघायेरे : आजच. वाच.

इतोहान : तुमचं नाव, पत्ता, तारीख. ते मी भरते. मग ‘वस्तूची स्थिती’. पुढं तीन चौकोन आहेत. उत्तम, साधारण, नादुरुस्त. एकावर खूण करायची.

अघायेरे : मृत असा चौकोन नाही?

इतोहान : नाही.

अघायेरे : मरणाची जागा विचारलीय?

इतोहान : नाही, आजोबा.

अघायेरे : खाली थोडी कोरी जागा असेल बघ. तिथं त्यांच्या शहराचं नाव लिही.