शेतकीऐवजी सुईदोरा

नाही, तुम्हीच सांगा, माणसाने मागावा नांगर आणि लिफाफ्यातून निघावी सुई, याला काय म्हणायचं? मला वाटलं होतं, लिफाफा उघडीन आणि आत लिहिलेलं असेल, 'या, शेतकी कॉलेजात आपली जागा राखून ठेवली आहे'. आणि निघालं काय? 'शेतकीच्या वर्गात आपणास प्रवेश देता येत नाही. परंतु आपली इच्छा असल्यास गृहशास्त्राच्या नव्या वर्गासाठी आपला विचार करता येईल.' विचार करता येईल! अहो, मी अर्जाला चार पानं जोडली होती! खानदेशची काळी जमीन, कपाशीवरचा मर रोग, देशाचं उद्याचं स्वातंत्र्य... सगळं त्या चार पानांत होतं. त्यात स्वयंपाकाचं एक अक्षर दाखवा मला!

बरं, हे पत्र मी एकटीने कुठे वाचलं असतं तर कोपऱ्यात रडून मोकळी झाले असते. पण तुम्हाला सांगते, आमच्या ब्राह्मणपुरी गावात सरकारी शिक्क्याचा लिफाफा एकट्याचा नसतोच. हिलाल टपालवाला शहाद्याहून निघाला तोच ओरडत, "गिरधर आबानी पोरले सरकारनं बलावनं धाडं!" आणि आमचे आबा! लिफाफा फोडायच्या आधी त्यांनी गूळ फोडला! अख्ख्या गल्लीला वाटला! मी म्हणतेय, "आबा, आधी वाचू तर द्या," तर म्हणाले, "शिक्का शे ना? मंग आते काय वाचनं?" सहा वर्षं पुण्याच्या वसतिगृहात राहून मी काय शिकले असेन ते असेन, पण गूळ तोंडात असलेल्या माणसाला वाईट बातमी कशी सांगावी, हे कुणी शिकवलं नाही हो!

तर, ओट्यावर मी उभी, हातात पत्र. समोर माझी भिकुकाकू आणि शेजारच्या सहा जणी पेरणीची सरकी चोळत बसलेल्या. सरकी अशी असते, बरं का, तिला केसाळ तूस असतं, एकीला एक चिकटते, मुठीतून सुटी पडत नाही. म्हणून शेण आणि राख लावून ती चोळावी लागते. कोपरापर्यंत हात भरलेले सातही जणींचे. आणि मी त्यांना इंग्रजीचं मराठी करून वाचून दाखवतेय, "शेतकामाचा भार... स्त्रीच्या देहाला... झेपणारा नाही."

सातही जणींचे हात थांबले. भिकुकाकूने मान वर केली. "मंग आम्ही काय करी ऱ्हायनूत वो? गाना म्हणी ऱ्हायनूत का?" आणि सगळ्या हसल्या! अशा हसल्या की एकीचं शेण दुसरीच्या गालाला! "त्या सायेबले आठे धाड, पोरी. एक पाटी सरकी चोयाले लावसू. मंग देखसू कोनले झेपस अन् कोनले नही!" मला सांगा, यात हसण्यासारखं काय होतं? माझं आयुष्य बुडत होतं, आणि काठावरच्या सात जणी हसत होत्या!

पुढचा कागद छापील होता. गृहशास्त्राचे विषय. पाकशास्त्र, शिवण, भरतकाम, बालसंगोपन... काकू म्हणाली, "सयपाक शिकाले पुनं? आगगाडीमा बठीसन?" आणि आबा? आबांच्या तोंडात अजून गूळ. "पुनं तेच ना? कॉलेज शे ना? विचार करतस ना त्या? मंग रडस काबर?"

काय सांगणार! विचार करता येईल, आबा, विचार करता येईल...

संध्याकाळी आबा म्हणाले, चल, शेतात. आता आमच्या नदीकडच्या शेतात एक पट्टा आहे. गेल्या साली तिथली कपाशी ऐन बोंडांवर असताना उभीच्या उभी वाळली. मर. एरवी गावात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, शिमग्याच्या आत उपटून चुलीत जातात. पण ज्येष्ठ लागला तरी आमच्या त्या पट्ट्यातल्या तशाच उभ्या! गाव हसायचं, "गिरधरनी भुतेस्ना बगीचा कया!" मलाही वाटायचं, आबांना जमलं नसेल. तर आबा बांधावर उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली, आणि इतक्या हळू विचारलं मला, "मंग पोरी... त्या पऱ्हाट्या उपटी टाकू का आते? तू शिकीसन येशी, देखशी, म्हनीसन ऱ्हाऊ दियेल व्हत्यात."

त्यांना सगळं कळलं होतं हो! तोंडात गूळ असतानाच!

विचार करता येईल, एवढंच मी म्हणाले.

सकाळी उठून तो छापील कागद पुन्हा वाचला. भरतकामाच्या खाली, अगदी तळाला, बारीक अक्षरात, 'परसबाग. आठवड्यातून एक तास. प्रत्येक विद्यार्थिनीस दहा फूट लांब, सहा फूट रुंद वाफा.'

आबांना सांगितलं, "ऱ्हाऊ द्या, उपटू नका." दोन पऱ्हाट्या मुळासकट मीच उपटून सोबत घेतल्या, त्याच पट्ट्यातली पायलीभर माती ट्रंकेत साड्यांखाली भरली, आणि काकूने शेण-राखेत चोळलेल्या सरकीची पुरचुंडी वर ठेवली. आणि गृहशास्त्राला लिहून टाकलं, येते! तिथल्या बाई म्हणतील, मुलींनो, कोथिंबीर लावा. मी ती मर लागलेली माती वाफ्यात पसरणार, तिच्यात कपाशी लावणार, आणि ती कशी मरते ते आठवड्यातून एक तास बघत बसणार. कळलं तर आबांचा पट्टा वाचला. आणि नाहीच कळलं... तर तुम्हाला सांगते, वाळलेल्या कपाशीचं भरतकाम असं काढीन, असं काढीन, की साऱ्या पुण्याला तिची मर ओळखता येईल!