राईची मूठ

मंडळी, आज एकच प्रश्न. एकदाच पोतंभर देऊन मोकळा होतो तो मोठा दाता, की आठवड्याला मूठभर देतो तो? पोतंवाला! – आलंच उत्तर मागून! थांबा काका. गोष्ट ऐका, मग बघू.

धामणकोंड नावाचं गाव. गावावर डोंगर, डोंगराच्या पोटाशी देवीची राई. सगळ्यांची – म्हणजे कुणा एकाची नाही! आत झरा. गाव त्याच झऱ्याचं पाणी प्यायचं. राईची राखण करायची राघूतात्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, भिमाईनं. काम काय? तर राईभोवतीचा पाचोळा झाडून गाडीवाटेएवढा पट्टा उघडा ठेवायचा. डोंगरावर वणवा पेटला, की तो पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरतो!

आणि तात्यांनी खायचं काय? दर गुरुवारी भिमाई टोपली घेऊन दारोदार फिरायची. घरटी मूठभर तांदूळ. त्याला म्हणायचे राईची मूठ.

पण गावकी बसली आणि शहाणपण सुचलं! "दर गुरुवारी कोण ऊठबस करणार? श्रावणात भंडारा घालू, वर्षाचे तांदूळ एकदाच देऊ." – बघा, भंडारा म्हटल्यावर खांबाला टेकलेले आजोबा जागे झाले! – भंडारा झाला. जिलबी झाली. तात्यांच्या खोपटात तांदळाची रास लागली. गावानं हात झटकले.

आता श्रावण, मंडळी! खोपट गळकं! दिवाळीपर्यंत राशीला बुरशी, उरलं ते उंदरांनी नेलं. तात्या दुसऱ्या गावी मजुरीला जाऊ लागले.

हे कुणाच्या लक्षात आलं? चंद्राच्या. तिची लेक तानी सारखी राईत – करवंदं काढ, झऱ्यात पाय बुडव. आईचा जीव! चुलीपुढे बसली तरी एक डोळा दारातून राईकडे. एक दिवस तिला दिसलं – पट्टा दिसतच नाही! नुसता पाचोळा! धावत खोपटाशी गेली, तर भिमाई गाठोडं बांधतेय.

"भिमाई, हे काय?"

"जातो गं बाई. मागायचं कुठल्या तोंडानं? गावानं वर्षाचं दिलंय."

"आणि राई?"

भिमाईनं गाठ आवळली. चंद्रानं गाठोड्यावर हात ठेवला. म्हणाली, "टोपली द्या इकडं!"

निघाली दारोदार. पहिलं दार बयोकाकूंचं. भंडाऱ्याची जिलबी त्यांची – त्या कुणाला विसरू देत नव्हत्या!

"काय गं चंद्रे, राखणीवर लागलीस की काय?"

"मूठ मागायला आले, काकू."

"आम्ही वर्षाचं देऊन बसलोय!"

"काकू, श्रावणात पोटभर जेवलात ना? मग आज चूल कशाला पेटवलीत?"

हसता काय! काकू लालेलाल झाल्या. "घे बाई, पण तोंड आवर!" – तरी मूठ घातली. पुढच्या गुरुवारी पुरती कुरकुर केली, पण घातलीच. त्यांचं बघून शेजारीण, तिचं बघून तिची जाऊ. गाठोडं सुटलं. तात्यांचा खराटा पुन्हा फिरू लागला. झाडलं की पान गळे, गळलं की झाडायचं. राई काय श्रावणात एकदाच पानं गाळते?

आणि चैत्रातली दुपार! कुणीतरी ओरडलं – वणवा! अख्खा डोंगर धुरात! आणि तानी? तानी राईत!

चंद्रा अनवाणी धावली. "ताने! ताने गं!" बायका-पुरुष डहाळ्या तोडून मागे. आग उतरतेय, गवत तडतडतंय... आली पट्ट्यापाशी. आणि मंडळी – खाली बसली! पुढे खायला पानसुद्धा नाही! उडालेल्या ठिणग्या माणसांनी बडवून विझवल्या.

तेवढ्यात राईतून कोण आलं? भिमाईचं बोट धरून तानी! तोंड करवंदांनी जांभळं!

"आई, ओरडतेस कशाला एवढी? मी काय बहिरी आहे?"

चंद्रानं आधी दिला एक धपाटा. मग जी मिठी मारली, ती पोरगी म्हणेना 'सोड' आणि ही सोडेना! बयोकाकू डहाळी टाकून मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "चंद्रे, तू मोकळ्या हातानं परत गेली असतीस तर गं?" आणि रडता रडता हसायला लागल्या. सगळं गावच हसायला लागलं.

आता आपलं बोलू. आपल्या गावामागे टेकडी आहे. सकाळी फिरायला सगळे जाता, पोरं तिथंच खेळतात. तिची राखण करणारी चार माणसं दर महिन्याला वर्गणीला दारी येतात. तेव्हा आपण काय म्हणतो? "मागेच दिलं होतं की!"

अहो, खिशात कुठे हात घालता? काढा बाहेर, रिकामाच काढा! आज गोष्ट ताजी आहे, आज कुणीही देईल. मला तुमचा आजचा उत्साह नको, माउली. पुढच्या महिन्यात ऊन असेल, डोळा लागलेला असेल, बेल वाजेल आणि उठायचा कंटाळा येईल. त्या कंटाळ्यातून उठून दार उघडा. तेवढं मला द्या!