नदीकाठच्या बागेच्या सुनावणीत फाटलेला पडदा

जबाब

नाव : सौ. वनिता दिनेश वाघमारे, वय अंदाजे ३२ वर्षे, धंदा – घरकाम, रा. उंबरवाडी, रामवाडीच्या मागे, नदीकाठ, पेण, ता. पेण, जि. रायगड.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतःहून आले असून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी पती दिनेश, दोन मुली व सासरे काळुराम यांच्यासह राहते. माझे पती जोहे येथे गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासून गुळगुळीत करण्याचे काम करतात. सासरे खाडीत चिंबोऱ्या म्हणजे खेकडे पकडतात व वडखळ नाक्यावर विकतात. आमची वाडी कातकरी समाजाची आहे. सासऱ्यांचा जन्म याच वाडीत झाला. जागेचे कागद आमच्याकडे नाहीत.

मी रामवाडीतील एका सोसायटीत वैशाली मॅडम यांच्याकडे धुणीभांडी करते. त्या सोसायटीच्या नागरिक समितीच्या प्रमुख आहेत. दिवाळीनंतर एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये शहराच्या नवीन आराखड्याबाबत सभा होती. मॅडमनी मला चहा द्यायला थांबवून घेतले होते. आराखडा करणाऱ्या एजन्सीतर्फे निकेश नावाचे गृहस्थ आले होते. त्यांनी टेबलावर मोठा नकाशा अंथरला व लोकांना रंगीत ठिपके वाटले. दवाखाना पाहिजे तिथे लाल, बाग पाहिजे तिथे हिरवा, असे त्यांनी समजावले. लोकांनी आपापसात बोलून ठिपके चिकटवले.

मी कप गोळा करत असताना निकेश मला म्हणाले, "ताई, तुम्ही पण एक लावा. तुम्ही पण नागरिकच ना." मी म्हटले, "मला यातला काय समजत नाय." तेव्हा वैशाली मॅडमनी हिरवा ठिपका माझ्या बोटावर ठेवला, माझा हात धरून नकाशावर नेला व म्हणाल्या, "इथं लाव गं. नदीकाठी मोकळी जागा आहे. बाग झाली की तुझ्या मुलीसुद्धा खेळतील." मी ठिपका लावला. कोणीतरी फोटो काढला. नकाशावर घरे दाखवलेली नव्हती. ती आमची वाडी आहे हे मला कळले नाही.

वैशाली मॅडमना तेथे वाडी असल्याचे माहीत होते काय, असे विचारले असता सांगते की, मागे मी तापाने पडले होते तेव्हा त्या मला बघायला वाडीत आल्या होत्या. स्कूटरवरून उतरल्या नाहीत. आमच्या दारासमोर हॉर्न वाजवत होत्या.

त्यानंतर आमच्या वाडीतील टमटम चालवणारा नितेश याने आराखडा नगरपालिकेबाहेर लावलेला बघितला. आमच्या वाडीवर हिरवा रंग होता व उद्यान असे लिहिले होते. वाडीतर्फे हरकत दिली. सुनावणीच्या दिवशी वाडीतील सर्वजण काम बुडवून पेण येथील हॉलमध्ये गेलो. आमचा नंबर सर्वांत शेवटी लागला.

सासरे उभे राहून म्हणाले, "सायब, ती जागा मोकली नाय. आमी हाव तिथं."

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "बाबा, ही बाग आम्ही ठरवलेली नाही. नागरिकांची मागणी आहे."

सासरे म्हणाले, "मग आमी कोन?"

त्यावर साहेबांनी निकेश यांना फोटो दाखवायला सांगितले. पडद्यावर माझा फोटो आला. हाताखाली नकाशा व बोटाखाली हिरवा ठिपका होता. साहेब म्हणाले, "हे बघा, सगळ्या थरांतले लोक होते. या कामवाल्या ताईंनीसुद्धा बागच मागितली आहे."

वाडीतील सर्वांनी माझ्याकडे पाहिले. सासरे म्हणाले, "वनिता, ही तू हायस काय?" मी म्हटले, "व्हय, बाबा." ते खाली बसले.

वैशाली मॅडम पुढच्या रांगेत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटले, "ताई, तुम्ही सांगा ना. तुम्ही घर बघितलंय माझा." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वनिता, ही बोलायची जागा नाही. घरी बोलू."

त्यानंतर मी स्टेजवर चढले. पडदा दोन्ही हातांनी धरला व माझ्या तोंडापासून खाली फाडला. पडद्याचा स्टँड पडून निकेश यांच्या कपाळाला लागले. त्यांना लागावे असे माझ्या मनात नव्हते. पडदा फाटावा असे होते. पडदा पडल्यावर तोच फोटो मागच्या भिंतीवर दिसू लागला. भिंतीवर तो आणखी मोठा होता. त्यात मी हसत होते. मशीन बंद होईपर्यंत मी त्याच्याकडे बघत उभी राहिले.

साहेबांनी सुनावणी संपल्याचे जाहीर केले व वाडीची हरकत ऐकून घेतली असे समजण्यात येईल, असे सांगितले. पोलीस आले तेव्हा सासरे पुढे होऊन म्हणाले, "मी फाडला." त्यांना गाडीत बसवले. मी ओरडून सांगत होते, पण माझे कोणी ऐकले नाही. वाडीतल्यांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले असता वॉचमनने गेटवरच सांगितले की मॅडमनी दुसरी बाई बघितली आहे. वाडीतील बायका मी पाण्यावर गेले की हंडे उचलून निघून जातात. माझे पती माझ्याशी गरजेपुरते बोलतात.

आज येथे येताना सासऱ्यांसाठी भाकरी व सुकट आणली होती. ती त्यांनी माझ्या हातून घेतली नाही, हवालदारांच्या हातून घेतली. मी म्हटले, "बाबा, मी खरा सांगनार हाय." ते म्हणाले, "गप बस गो. तुला पोरी हायत." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ते मला वाचवतात की माझे तोंड बघायला नको म्हणून आत बसले आहेत, हे मला सांगता येत नाही. पडदा मी फाडला आहे. त्यांचा यात काही संबंध नाही. त्यांना सोडावे.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. वाचताना एके ठिकाणी 'रागाच्या भरात' असे आले. ते शब्द माझे नाहीत, म्हणून ते खोडून घेतले. बाकी मी सांगितले तसेच बरोबर लिहिले आहे.

समक्ष, सही / – वनिता दिनेश वाघमारे