स्टेशन ते रांझी, सहा गाणी

— नाही बेटा, ते कापायचं नाही. तो डेक आहे तसाच राहू दे. दोन हजार पाचमध्ये गाडीसोबतच आला तो, कॅसेट घालायचं तोंडसुद्धा अजून शाबूत आहे. मोठा टचवाला स्क्रीन? तो शेजारच्या दुकानातल्या भैयानंही दाखवला — डॅशबोर्ड असा गोल, आणि त्यातून तो स्क्रीन बाहेर निघून राहिला, खिडकीत कोणी ताट उभं केल्यासारखा. मला फक्त मोबाईलमधलं गाणं या डेकमधून वाजलं पाहिजे, बिनवायरीचं. वाजेल ना? मान हलवलीस म्हणजे वाजेल. अच्छा, काडेपेटीएवढी डबी मागच्या तारेत जोडतेस, वरून काहीच दिसत नाही — हेच पाहिजे, हेच. तू कर तुझं काम, मी बोलत नाही.

तू गणपतरावांची प्रणोती ना? नाकावरूनच ओळखलं. तुझे बाबा आणि मी फॅक्टरीत अकरा वर्षं एका शिफ्टला — पळसोकर म्हणून विचार घरी, शैलेंद्र पळसोकर, मापाचे गेज तपासणारे. मराठी येतं तुला? समजतं, पण बोलता येत नाही. चलो, काही हरकत नाही, आमचा अमेयही दहावीपर्यंत तसाच होता. आता पुण्यात नोकरीला आहे तर असं मराठी बोलून राहिला की त्याचा फोन आला की मी आधी शर्टाची बटणं लावतो. हसू नको, पेचकस सुटेल हातातून. आत्ता किती वाजले? दहा पन्नास. गाडी अकराची आणि चाळीस मिनिटं लेट दाखवून राहिली, इथून, ओमतीहून, स्टेशन दहा मिनिटं — म्हणजे भरपूर वेळ आहे. भरपूर आहे. तरी जरा हात चालव.

कोण येऊन राहिलं? माझे व्याही. म्हणजे होणारे. म्हणजे — झाले तर. म्हणून तर हा डेक. स्टेशनपासून रांझीपर्यंत, आमच्या घरापर्यंत, पंचवीस मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून तीनदा गेलो-आलो. पंचवीस मिनिटांत सहा गाणी बसतात. चार भावगीतं, एक नाट्यगीत, एक अभंग — अभंग शेवटी, कारण रांझीचं वळण आलं की रस्ता खराब आहे आणि तेव्हा माणसाला देवाचं नाव बरं वाटतं. पहिल्यांदा मी तो लायटरच्या भोकात खुपसायचा ट्रान्समीटर आणला होता, जो एफएमवर गाणं पकडवतो. हेमलताला शेजारी बसवून — हेमलता म्हणजे माझी बायको — रंगीत तालीम केली. नाट्यगीतात तान अशी वर गेली, वर गेली, आणि रेडिओ स्टेशन सरकून मधेच एक बाई म्हणाली, बवासीर से परेशान हैं? मूळव्याधीची जाहिरात! आता पुण्याचे व्याही मागच्या सीटवर बसले असते तर? म्हणून तुझ्याकडे आलो.

काय? गाणी काहून पाहिजेत, गप्पा मारत जायचं की? हेच तर, बेटा. गाणी वाजतील तर मी बोलणार नाही. हेमलतानं सांगितलंय, गाडीत तुम्ही तोंड उघडायचं नाही, नमस्कार म्हणायचं आणि बटण दाबायचं. जाऊन, येऊन, राहून — हे तीन शब्द घरी ठेवून जा म्हणाली. मी तर निघताना हात जोडून गेलो देवापुढे, की आज माझी जीभ सांभाळ.

आता ऐकायचंच आहे तर ऐक, तिकडं तार लावता लावता. दिवाळीनंतर अमेयनं सांगितलं, बाबा, चिन्मयी नावाची मुलगी आहे, आम्हाला लग्न करायचं आहे. दोन्ही घरी पसंत. फोटो पाहिला — काय सांगू, मी त्या दिवशी कॉलनीत तीन घरी पेढे दिले आणि चौथ्या घरी मीच खाल्ले. मग ठरलं, येत्या शनिवारी तो तिला दोन दिवसांसाठी घेऊन येईल. तिच्या घरी ती रात्री जेवताना विचारणार होती. आणि हे रात्री विचारायचं आहे, हे मला कोणी सांगितलंच नाही. मी दुपारीच तिच्या बाबांना फोन लावला. विनयराव. म्हटलं, नमस्कार, जबलपूरहून पळसोकर बोलून राहिलो, चिन्मयी आमच्याकडे येऊन राहिली, आम्हाला फार आनंद झाला.

कळलं? नाही कळणार, तू इथलीच. आपल्याकडे येऊन राहिली म्हणजे येते आहे. पुण्यात येऊन राहिली म्हणजे — आली आणि राहिली. मुक्कामाला. ते म्हणाले, कधी? मी म्हटलं, शनिवारी. आता त्याच्या आदल्याच शनिवारी ती पोरगी घरी सांगून मैत्रिणींसोबत महाबळेश्वरला गेलेली, मला काय माहीत; ते समजले, तेव्हा खोटं सांगून इकडं राहून गेली. म्हणाले, एकटी? मी म्हटलं, छे हो, अमेय सोबत आहे ना. म्हणाले, किती दिवस? म्हटलं, दोन दिवस, पण आम्ही तर म्हणून राहिलो की चार दिवस राहा, घर तुमचंच आहे. फोन बंद. मला वाटलं रेंज गेली. मी परत लावला, दोनदा.

त्या रात्री त्या घरात काय झालं ते मी ऐकलं नाही, पण चार महिने झाले, बाप लेकीशी बोलत नाही. अमेयनं जाऊन समजावलं, की बाबा असं असं बोलतात, तर म्हणाले, आता मला व्याकरण शिकवू नका. बघ, बाकी सगळी गोष्ट सांगताना मला हसू येतं, इथं येत नाही. एका शब्दानं, बेटा. पोरीचा काही दोष नाही, पोराचा नाही. आता होळी झाल्यावर तिची आई म्हणाली, एकदा घर पाहून येऊ, माणसं पाहून येऊ, मग काय ते ठरवू. ते आज ठरणार आहे. आणि आधी कोण भेटणार त्यांना? मी.

आवाज येऊन राहिला का त्यात, घूँ घूँ? इंजिन चालू केलं की वाढतो. अच्छा, त्याला एक तुकडा मधे लावतेस — लाव, लाव, दोन लाव.

एक सांगू? कोणाला बोलू नको. गणपतरावांना तर नाहीच. परवा अमेय फोनवर म्हणाला, बाबा, त्यांच्यासमोर तुम्ही हिंदीच बोला. चांगल्यासाठीच म्हणाला. मी म्हटलं, हाँ हाँ, हिंदी में ही बोलेंगे, और क्या. आणि फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. शंभर वर्षं झाली आम्हाला इथं, बाहेर सगळी हिंदी, आणि घरात आम्ही हीच एक मराठी सांभाळली. मोडकी असेल. माझी आई शेवटी म्हणाली, पाणी देऊन राहिला का रे? मी देऊन राहिलो होतो. आता ते चुकीचं होतं का? मी आठ दिवस आरशापुढे म्हणून पाहिलं — येतो आहे, जातो आहे, करतो आहे. हेमलता म्हणाली, बातम्या वाचून राहिले वाटतं. म्हणून ती सहा गाणी. हिंदी बोलण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

झालं? जुळलं? घे, हा मोबाईल, पहिलं गाणं लाव — अरे वा. अरे वा वा. तबला ऐक, मागच्या दारातून येऊन राहिला. घूँ घूँ बिलकुल नाही. वीस वर्षांचा डेक, त्याला काही माहीतसुद्धा नाही आत काय बसवलं ते. थांब, बंद काहून झालं? मी तर हात नाही लावला — ही घंटी कुठून वाजून राहिली? चारही दारांतून? फोनपण यातूनच येतो? मग आधी नाही सांगायचं? विनयरावांचा आहे. विनयरावांचा आहे, बेटा, हिरवं कोणतं —

हॅलो. हो, नमस्कार, नमस्कार. कुठे? स्टेशनात? पण ती तर लेट दाखवून — लेट दाखवत होती. नाही नाही, उभे राहू नका उन्हात, मी निघालो आहे. येतो आहे. येत आहे मी. पाच मिनिटांत येऊन रा—

…

हो. हो. बरं.

…

ऐकलंस? तू पण ऐकलंस ना? मला एकट्याला नाही ना ऐकू आलं? ‘रा’वर मी जीभ चावली, आणि ते म्हणाले, येऊन राहिले ना? या सावकाश. आम्ही पण उतरूनच राहिलो. त्यांनी म्हटलं. पुण्याच्या माणसानं. आणि मागून ती वहिनी, चिन्मयीची आई, हसली, आणि ते म्हणाले, चिन्मयीनं तोंडपाठ करून घेतलंय, बरोबर म्हटलं ना? म्हणजे बाप लेकीशी बोलला, बेटा.

मी बरं म्हटलं. चौसष्ट वर्षं बोलून राहिलो आणि तेव्हा तोंडातून नुसतं बरं निघालं.

चल, सरक, दार लावू दे. किती झाले ते बाबांकडे पाठवतो. नाही, गाणं नको लावू. बंद कर. बंदच राहू दे.

काय म्हणालीस? परत म्हण. काहून — काहून म्हणालीस ना तू? येतं की तुला, बेटा. येतं की.

काहून म्हणजे, गाडीत आम्हाला बोलायचं आहे. हो बाजूला.