दाराच्या कडीला लाल फडकं

...भांडी मी आदल्या संध्याकाळीच घासून, दोन भांड्यांच्या मध्ये फडकं घालून रचून ठेवायची. त्या सकाळीही तशीच ठेवलेली होती. चहाचं आधण ठेवलं आणि ते खळखळायच्या आत गॅस बारीक केला. नळाखालच्या बादलीत जुना टॉवेल टाकला, म्हणजे धार तळावर वाजत नाही. खुर्ची सरकवायची नाही, उचलायची. तरी तिच्या पायांना मोजे होते, ह्यांचेच जुने. कारण आतल्या खोलीच्या कडीला लाल फडकं बांधलेलं होतं, आणि लाल फडकं म्हणजे आत रेकॉर्डिंग चालू आहे.

बघा, नमस्कार राहिलाच. सवय नसलेल्या माणसाच्या हातात माईक दिला की असं होतं.

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, ह्यांच्या हाताखाली शिकून मोठी झालेली तुम्ही मुलंमुली, आमच्या शेजारच्या शिवणवाल्या वहिनी, आणि खुर्ची न मिळाल्यामुळे मागे दाराशी उभे असलेले सगळे, तुम्हां सर्वांना माझा नमस्कार.

ह्या संगीतशाळेच्या रेकॉर्डिंगच्या खोलीला आज ह्यांचं नाव दिलं गेलं. मला वाटलं होतं, दोन शब्द आभाराचे बोलावेत आणि खाली बसावं. पण माझ्या आधी बोललेल्या समीक्षक महाशयांनी एक प्रश्न टाकला आणि सभागृहात गलका झाला. ते म्हणाले, हा माणूस गात नव्हता, वाजवत नव्हता. दुसऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डमधले तुकडे कापले, जोडले, त्यावर मुलांनी रॅप केलं. एवढ्यासाठी एवढा मान? त्यावर आमचा गारगोटी, तुमचा लाडका रॅपर, खुर्चीवरून उठलाच. अध्यक्षांनी त्याला बसवलं आणि म्हणाले, "घरातल्या माणसालाच विचारू या."

म्हणून घरातलं माणूस बोलतंय. मात्र ऐकून घ्यायची तयारी ठेवा, कारण घरातलं माणूस काही भक्त नाही.

महाशयांचं एक म्हणणं खरं आहे. ज्या जुन्या रेकॉर्डवरचा ड्रमचा तुकडा ह्यांनी आयुष्यभर फिरवून फिरवून वापरला, तो वाजवणाऱ्याचं नाव त्या रेकॉर्डच्या पाकिटावर छापलेलं नव्हतं. ह्यांनी पुष्कळ विचारपूस केली, पत्ता लागला नाही. ते ह्यांना सलायचं. तो तुकडा लावला की म्हणायचे, "बघ, कोण कुठला हा बाबा, गेलाही असेल, आणि हात अजून इथे आहेत." तेव्हा आज टाळ्या वाजवल्यात त्यातल्या निम्म्या त्या माणसाच्या आहेत. तेवढं कबूल करून मग पुढे बोलू.

उरलेल्या निम्म्या कोणाच्या?

तुमचं सगळ्यांत आवडतं गाणं घ्या. त्या ड्रमच्या खाली एक आवाज चालतो, अडखळत, जरा लंगडत. त्यावर म्हणे परदेशातल्या मुलांनी लेख लिहिलेत. तो आवाज आमच्या शिवणवाल्या वहिनींच्या मशीनचा. आज त्यांना पुष्पगुच्छ मिळाला. मिळायलाच हवा होता. तो देताना तुम्ही टाळ्या वाजवत होता तेव्हा मीही वाजवल्या. पण पोटात दुखलं माझ्या. खोटं कशाला बोलू? वहिनी, हसताय काय, तुम्हांला ठाऊक आहे.

तो दिवस मला आठवतो. मी दारात भाजी निवडत होते आणि हे वहिनींच्या उंबऱ्यावर कान देऊन उभे. घरी आले ते एवढा चेहरा उजळलेला! लग्नातसुद्धा मी तो इतका उजळलेला पाहिला नव्हता.

"अगं, तिच्या मशीनची चाल लंगडी आहे. चौथ्या टाक्याला जरा मागे रेंगाळते आणि मग धावत येऊन गाठते."

मी म्हटलं, "माझ्या गुडघ्याची चालही लंगडी आहे. ती कधी ऐकलीत का?"

ऐकलं असेल तर शपथ. माईक घेऊन गेले पुन्हा वहिनींकडे. वहिनी बिचाऱ्या मशीनला तेल घालायला निघाल्या होत्या, तर हे हात जोडून उभे. "वहिनी, एवढा आठवडा तेल घालू नका."

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गिऱ्हाइकाच्या बाह्या तुम्ही लावणार का?"

शेवटी तेल पडलंच. गिऱ्हाइकापुढे कलेचं काय चालतं? तेल पडलं, मशीन सुरळीत झाली, आणि आमच्याकडे कोणी वारल्यासारखी अवकळा. पण तोवर ह्यांच्या टेपवर हवं ते आलेलं होतं.

असं ऐकायचे हे. फाटकाची बिजागरी, लिफ्टचं दार, गारगोटी पहिल्यांदा आला तेव्हाचं त्याचं तोतरं बोलणं. त्यानेच मघाशी सांगितलं, "माझ्या बापाने माझं वाक्य कधी पुरं ऐकलं नाही, काकांनी ऐकलं. तोतरेपणा लपवू नकोस म्हणाले, त्यातच ताल आहे म्हणाले." आज इथे जो उठला तो हेच बोलला, काकांनी माझं ऐकलं. मी समोर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अरे, सगळ्या गावाचं ऐकणाऱ्या ह्या माणसाने घरात मला काय म्हटलं असेल, सांगू? "शू."

संसारभर "शू". भिंती पातळ, खोली रस्त्याकडची. बाहेरचे आवाज थांबवता येत नव्हते, मग थांबवायला उरले कोण? मी. आमची लेक चालायला शिकली तीच मुळी चवड्यांवर. सासरी गेली तर तिची सासू म्हणते, "ही मुलगी मागून कधी येऊन उभी राहते कळत नाही, एकदा जीव जाईल माझा."

लोक मला विचारतात, तुमचं शिक्षण बेताचं, मग वाचनाची एवढी गोडी कशी लागली? त्यांना वाटतं काही थोर कारण असेल. कारण एवढंच की आवाज न करता करता येईल असं तेवढं एकच काम उरलं होतं. रद्दीवाल्याकडून पुस्तकं आणायची, अक्षरं जुळवत बसायची. मग वाचनालयात नाव घातलं. पान उलटतानासुद्धा अंगठ्याला पाणी लावून, हळूच. त्या खोलीत तुमची गाणी झाली आणि दाराबाहेर मी कादंबऱ्या संपवल्या. कुणाची मेहनत जास्त, ते अध्यक्षांनी ठरवावं.

हेवा वाटायचा मला. सवतीचा वाटतो तसा. पण सवत एक असती तर नाव तरी घेऊन भांडता आलं असतं. इथे बिजागरी सवत, शिलाईमशीन सवत. बिजागरीशी बाई भांडणार कशी?

आता त्या सकाळकडे येते. आदल्या दिवशी वर्तमानपत्रात वहिनींचा मशीनसकट फोटो आला होता. मी धुमसत होते. टोमणाही तयार ठेवला होता: 'आता माझ्या भांड्यांचीही मुलाखत घ्यायला सांगा, आयुष्यभर गप्प कशी राहिली म्हणून.' हे बाहेर आले की चहाबरोबर द्यायचा. मी उठायच्या आधीच ह्यांनी कडीला फडकं बांधलेलं होतं, म्हणून थांबले. चहा गाळून झाकून ठेवला. कपडे भिजवले, आपटले नाहीत. पुस्तक घेऊन मोज्यांच्या खुर्चीत बसले. चहा निवला. दुसऱ्यांदा केला, तोही निवला. ऊन खिडकीतून खाली उतरून फरशीवर आलं. लाल फडकं असताना दार वाजवायचं नाही हा आमच्या घरचा नियम, आणि तो मी एकदाही मोडला नव्हता.

दुपारी वहिनी आल्या. त्यांना कसला नियम? त्यांनी दार ढकललं.

डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेले असतील. हाक मारली असती तरी उपयोग नव्हता. मी विश्वास ठेवला. ठेवावाच लागतो. पण अर्धा दिवस मी माझ्या गेलेल्या नवऱ्यासाठी शांतता राखून बसले होते, मनात टोमणा घोळवत. तो टोमणा तसाच राहिलाय.

आता मुद्द्याचं. मघाशी जाहीर झालं की ह्यांच्या जुन्या टेप स्वच्छ करून पुन्हा काढणार आहेत, आणि त्याला माझी संमती इथे सर्वांसमोर हवी आहे. गेल्या महिन्यात गारगोटी घरी आला होता. हेडफोन माझ्या कानाला लावून म्हणाला, "काकू, साफसफाई करणारे म्हणतात सुरुवातीला थोडा कचरा आहे, तो काढतो." मी ऐकलं. त्याचं रॅप सुरू व्हायच्या आधी आमच्या खोलीतली जराशी शांतता होती. त्या शांततेत खूप लांबून आल्यासारखं एक पान उलटलं.

अंगठ्याला पाणी लावूनसुद्धा आवाज होतोच तर.

मी विचारलं, "ह्यांना ऐकू आलं नव्हतं?"

तो म्हणाला, "आलं होतं ना! मी तेव्हाच काढू म्हटलं, तर ओरडले माझ्यावर. म्हणाले, ते पुसलं तर खोली रिकामी होते."

तुम्हांला वाटेल मी रडले असेन. रडले, पण नंतर. आधी रागच आला. अरे, ही गोष्ट ह्या पोराला सांगितली, मला का नाही सांगितली? दार उघडलं की चार पावलांवर मी बसलेली असायचे! गारगोटी, त्या एका वाक्यासाठी मी तुझा जेवढा हेवा केला तेवढा वहिनींचाही केलेला नाही.

तर महाशय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पात्र होते का? होते. जे सगळ्यांच्या कानावर पडतं आणि कुणी ऐकत नाही, ते त्यांनी ऐकलं आणि तुम्हांला ऐकायला लावलं. हे मी कौतुकाने नाही म्हणत, हेव्याने म्हणते. आणि ज्या गोष्टीचा मला एवढा हेवा वाटला ती क्षुल्लक असेल, असं मी तरी मानणार नाही. माझी संमती आहे, पण एका अटीवर. ते पान पुसायचं नाही.

अध्यक्षांनी मला मधे थांबवलं नाही, पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं नाही, संगीतशाळेने मला मंचावर बोलावलं, ह्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. वहिनी, दार ढकललंत त्याबद्दल तुमचे आभार मी आजवर मानले नव्हते, ते आज मानते. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल, मानाचा क्रम चुकला असेल, तर पोटात घाला. मला गप्प बसायची सवय आहे, बोलायची नाही.

मघाशी बाहेर एका मुलीने विचारलं, काकू, काका गेल्यावर तुम्ही काय केलंत? तिला उत्तर द्यायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, कडीवरचं लाल फडकं सोडलं, धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. मग भांडी घासली. आवाज न करता.