भिंतीलगतचा चर

हॅलो?… हॅलो, अहो, मीच मघापासून लावतेय तुम्हाला, लागतच नव्हता… नाही, आधी माझं ऐका. मी मागच्या प्लॉटवर आहे… हो, एकटीच. कृष्णा मिस्त्री शहागंजला गेलाय, पाइपाचे जोड आणायला. फोन वाजतोय त्याचा, उचलत नाही…

अहो, चरात पाणी भरायलंय!… आपल्याच चरात, बोळातल्या… पाऊस कुठला? नळाला पाणी आलंय आज. काल खोदताना पुढच्या घरातल्या वच्छलाकाकूंची जुनी नळाची लाइन फुटली असणार. काल नळ कोरडा, कुणाला कळणार? आता भसाभस यायलंय, थेट त्यांच्या भिंतीच्या बुडाशी…

कंपाउंडची नाही हो, घराची! स्वयंपाकघराची, बोळाकडची. तडा गेलाय. खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली. मघाशी केसाएवढा होता, आता बोट जाईल त्यात… ओरडत नाहीये मी… बरं, ओरडतेय.

काकू आत आहेत. मोटर लावून पाणी भरतायत, त्याच खोलीत. हाका मारून घसा बसला माझा, मोटरीपुढं ऐकू कुठं जातंय…

पुढं कशी जाऊ? रस्त्यावर जायला हा बोळ सोडून दुसरी वाट आहे का आपल्याला? मागं ती काचा लावलेली उंच भिंत… हो, माहितीये बोळ अख्खा खणलाय. आपणच खणायला लावला ना! पलीकडच्या अंगाला खडक लागला, ब्रेकरवाल्याचा आकडा ऐकला आणि म्हटलं, जाऊ दे, इकडून काळ्या मातीतनं घ्या. नळ, ड्रेनेज, वायर, सगळं एकाच चरातनं… नाही हो, तुम्हाला एकट्याला नाही म्हणत. मीही हो म्हटलं होतं. रस्ता फोडायचे वेगळे, नळजोडाचे वेगळे, विजेच्या खांबाचे वेगळे. प्लॉट स्वस्त मिळाला, पण तिथवर पोचणंच…

थांबा. काहीतरी पडलं… प्लास्टर. प्लास्टरचा मोठा पोपडा पडला पाण्यात.

कडेकडेनं? खडकाच्या बाजूला दीड हात जागा आहे, हो, कोरडी आहे… पण आपली वायर! टेम्पररी मीटरची. भिंतीवरनं खिळे सुटलेत, पाण्यात लोंबतेय… चालूच आहे, इथं शेडमध्ये बल्ब लागलाय ना… अहो, मीटर रस्त्याकडं आहे, तिकडं पोचल्याशिवाय बंद कशी करू?… चपला रबरी आहेत… पाण्यात पाय नाही टाकत, नाही टाकत…

मला भीती वाटतेय हो… नाही, ठेवू नका! फोन ठेवू नका. तुम्ही बोलत राहा. काहीही बोला.

निघाले… पाठ पलीकडच्या कंपाउंडला लावलीय… हो… हो… वायर माझ्या समोरच आहे आता… बोलत राहा ना!… हं… हं… आले. आले पुढं. हे मीटर… खटका खाली ना? खाली?… केला.

काकू! वच्छलाकाकू, दार उघडा!… आतून कडी आहे. काकू!… पुढच्या खिडकीत आल्या. म्हणतायत, "पुन्हा भांडाया आलीस व्हय?"… भांडायला नाही हो काकू, तुमची मागची भिंत चाललीय! बाहेर या, आत्ता!… अहो, त्या म्हणतात, "आठवड्यानं पाणी आलंय, भरून घेते, मग बघू"… काकू, पाया पडते तुमच्या, राहू द्या ते पाणी!… परत आत निघाल्या. काय सांगू मी त्यांना? परवा बोळावरून तुम्ही जे बोललात, ते डोक्यात आहे त्यांच्या…

काकू, ऐका. आमचं चुकलं. आम्ही खोदलं, तुमची लाइन आम्ही फोडली. शिव्या द्या, लागेल तेवढ्या द्या, पण बाहेर येऊन द्या!… थांबल्या… कडी काढतायत… काढली. या, हात द्या. चपला राहू द्या… मोटर राहू द्या हो, काकू, मोटर रा—

…गेली.

अहो, गेली भिंत… आहे, मी आहे. काकू पण आहेत. रस्त्यावर बसलोय दोघी. मनगट धरलंय माझं, सोडतच नाहीत… नाही, कुणाला लागलं नाही. ओटा, हंडे, सगळं चरात. धुळीनं काही दिसत नाही… सिलिंडर? थांबा. काकू, सिलिंडर कुठं होता?… ओट्याखाली. अहो, सिलिंडर गाडला गेलाय! वास? मला कळत नाही, नाकात नुसती माती आहे… ओ भाऊ, बिडी फेका ती! मागं व्हा सगळे! मागं व्हा!… काकू म्हणतात, सकाळीच संपला होता तो, रिकामा आहे. नक्की ना काकू?… रिकामा आहे म्हणतात. शेजाऱ्यांनी अग्निशमनला फोन केलाय तरी.

…काय? आपल्या कामाचं काय? ते आत्ता विचारता?… थांबेल. घर थांबेल आपलं. आधी यांची भिंत उभी करायची… नाही, मला हिशेब नका सांगू. त्या आत असत्या तर?… तुम्ही पाहिलं नाही हो. मी पाहिलं.

काय काकू?… फोन? घ्या. श्रीरंगच आहेत, खुलताबादहून निघालेत… घ्या, बोला.

…हॅलो. मी वच्छला बोलायलेय… व्हय, जिती हाय… माफी नंतर माग. भिंतीचं मी सोडायची नाय, कॉलमसकट बांधून घेईन तुझ्याकडनं… आँ? व्हय, बांधून देतो म्हणलास, ऐकलं. आधी इकडं ये. उमा लई भेदरलीय. मी धरलंय तिला… मी कुठं जाणार? लेक पिशोरला. आज तुमच्या भाड्याच्या खोलीतच निजते, दुसरं काय… आरं, गाडी सावकाश चालव… अन् ऐक, घराची ती मधली भिंत अजून करकरायलीय. आवाज यायलाय बघ… उमे, मागं सर! त्या लोकान्ला सांग, मागं सरा म्हणावं, छत वाकायलं— हॅलो?… हॅलो?… ह्यो बंद पडला की काय…